मुंबईची लोकल आणि दिल्लीची मेट्रो : दाटीच्या कसोटीवर दोन सेवा

शहर किती दाट वसले आहे हे जनगणनेच्या तक्त्यात वाचता येते. ती दाटी अंगावर कशी येते हे मात्र सकाळी कामाच्या वेळी तिथल्या सार्वजनिक वाहनात शिरल्यावरच समजते. मुंबईची उपनगरी रेल्वे आणि दिल्लीची मेट्रो या दोन्ही सेवा मी नित्याचा प्रवासी म्हणून वापरल्या आहेत. मी वाढलो मुलुंडला आणि नोकरीच्या निमित्ताने राहतो पूर्व दिल्लीत, त्यामुळे ‘तुमची मेट्रो चांगली की आमची लोकल’ हा प्रश्न दोन्हीकडच्या नातेवाइकांकडून कानावर पडतो. हा वाद बहुधा डब्यापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो : मेट्रो थंडगार आणि चकचकीत, लोकल घामट आणि धक्काबुक्कीची. डब्यापुरते ते खरेच आहे. परंतु घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंतचा सगळा प्रवास मोजला, तर माझ्या मते लोकल अजूनही पुढे आहे. त्याचे कारण रेल्वेच्या कारभारात फारसे नाही. दोन्ही शहरांची वस्ती ज्या रीतीने पसरली किंवा दाटली, त्यात ते आहे.

आधी आकड्यांकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईत सुमारे १ कोटी २४ लाख माणसे सुमारे ६०३ चौरस किलोमीटरांत राहत होती, तर दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात सुमारे १ कोटी ६८ लाख माणसे १,४८३ चौरस किलोमीटरांत. म्हणजे मुंबईत एका चौरस किलोमीटरात वीस हजारांहून अधिक आणि दिल्लीत अकरा हजारांच्या थोडे वर. त्यानंतरची जनगणना लांबली, त्यामुळे अजूनही सगळ्या चर्चा याच आकड्यांवर चालतात. या सरासरीवरून मुंबई दिल्लीच्या जवळजवळ दुप्पट दाट आहे असे म्हणता येते आणि तसे सर्रास म्हटलेही जाते. पण सरासरीने दोन्ही शहरांचे खरे रूप झाकले जाते. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या क्षेत्रफळात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा तुकडा, आरेचे जंगल, खारफुटी आणि मिठागरे धरलेली आहेत. ती वगळली तर जिथे माणसे प्रत्यक्ष राहतात तिथली घनता कितीतरी वर जाते. दिल्लीत तर एकाच शहराच्या पोटात दोन टोके आहेत. त्याच जनगणनेत ईशान्य दिल्ली जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरमागे सुमारे ३६ हजार होती, म्हणजे मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांपेक्षा खूपच जास्त, आणि नवी दिल्ली जिल्ह्याची सुमारे ४ हजार. ईशान्य दिल्लीतल्या सीलमपूरच्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावे लागते. नवी दिल्लीतल्या लोक कल्याण मार्गाच्या आसपास मात्र दुपारी पदपथावर झाडांच्या सावल्यांखेरीज कोणी दिसत नाही. ही दोन ठिकाणे एकाच महानगरातली आहेत यावर नवख्या माणसाचा चटकन विश्वास बसत नाही.

मुंबईची गोष्ट वेगळी. समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये अडकलेल्या चिंचोळ्या भूभागाला वाढायला एकच दिशा होती, उत्तरेची, आणि त्याच दिशेने रूळ गेलेले होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा कुर्ला, भांडुप, मुलुंड ही नावे गावांची होती. पुढच्या पाऊणशे-शंभर वर्षांत वस्ती रुळांच्या कडेने वाढत गेली आणि प्रत्येक स्टेशनाभोवती बाजार, शाळा, दवाखाने, चाळी आणि मग इमारती उभ्या राहिल्या. शहर स्टेशनाला चिकटून वाढले, म्हणून आजही मुंबईकर आपला पत्ता सांगताना आधी ‘स्टेशनपासून चालत दहा मिनिटे’ असे सांगतो आणि घरांचे भाव त्या मिनिटांवर ठरतात. दिल्लीची मेट्रो २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी या टप्प्यावर सुरू झाली, तेव्हा दिल्ली आधीच रस्त्यांच्या, रिंग रोडच्या आणि बंगल्यांच्या हिशेबाने चहूकडे पसरून बसलेली होती. तिथे स्टेशनाला शहराच्या मागे जावे लागले. सेवांच्या तुलनेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फरक हाच, आणि कितीही स्वच्छ डबे आणले तरी तो काही वर्षांत मिटण्यासारखा नाही.

जनगणनेचा आणखी एक आकडा फार कमी वेळा उद्धृत होतो. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या जुन्या बेटाची लोकसंख्या ३३ लाखांवरून सुमारे ३१ लाखांवर आली. बेट रिकामे झाले असे समजण्याचे कारण नाही. लोक राहायला बाहेर गेले, नोकऱ्या मात्र तिथेच राहिल्या. गिरणगावातली घरे परवडेनाशी झाली आणि तीच कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. ज्या गिरण्यांत त्यांचे वडील काम करत त्या जागेवर काचेच्या कचेऱ्या आल्या आणि त्यांत कामाला तीच पुढची पिढी लोकलने येऊ लागली. जनगणना माणसाला त्याच्या राहत्या घरी मोजते. लोअर परळची सकाळी अकराची घनता त्यात सापडत नाही.

ही दिवसाची घनता लोकल उचलते आणि ती कशी उचलते हे डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठच्या सुमारास उभे राहून पाहावे. इंडिकेटरवर फास्ट गाडीची वेळ लागते तसे लोक हलू लागतात. डब्याचे दार फलाटावर नेमके कुठे येणार हे रोजच्या प्रवाशाला पायांनीच ठाऊक असते, आणि त्या जागी आधीच एक घोळका जमलेला असतो. गाडी पुरती थांबण्याच्या आधी आतले उतरणारे बाहेर झेपावतात, त्याच क्षणी बाहेरचे दोन्ही बाजूंनी आत घुसतात, आणि वीस-पंचवीस सेकंदांत गाडी सुटते. आत शिरल्यावरचे नियम कुठेही लिहिलेले नाहीत पण सगळ्यांना पाठ आहेत : पाठीवरची पिशवी छातीवर घ्यायची, तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकण्यापुरती जागा द्यायची, बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ असे विचारून त्याची जागा धरून ठेवायची, आणि उतरायचे असेल तर एक स्टेशन आधीच दाराकडे सरकायला लागायचे. कल्याणहून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने कल्याणला जाणारे आणि त्याच गाडीने बसून परत येणारे प्रवासी पुष्कळ आहेत. त्यांचा वाढीव वेळ कोणत्याही वेळापत्रकात मोजला जात नाही.

रेल्वेच्या नियोजनाच्या भाषेत या गर्दीला अतिदाट गर्दीचा भार म्हणतात आणि तो एका चौरस मीटरात चौदा ते सोळा उभे प्रवासी असा सांगितला जातो. मेट्रोची आखणी साधारणपणे त्याच जागेत सहा, आणि फारच ताण आला तर आठ प्रवासी धरून होते. एका चौरस मीटरात सोळा माणसे म्हणजे काय हे कागदावर समजत नाही. दादरला उतरताना पाय जमिनीला लागले की नाही याचा पत्ता नसणे, हा त्याचा रोजचा अर्थ आहे.

अशा भाराखाली ही सेवा चालते, दिवसाला तीन हजारांहून अधिक फेऱ्या करते आणि पहाटे चारच्या आसपासपासून रात्री एकपर्यंत जागी असते, याचे मला कौतुक आहे. पण कौतुकाच्या भरात तिचे मुख्य वैगुण्य सौम्य शब्दांत सांगणे बरोबर होणार नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. काही रूळ ओलांडताना, काही गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही दगावले, त्यानंतर साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. ‘स्पिरिट’ वगैरे शब्द अशा वेळी ऐकले की मला चीड येते. जिथे माणूस दारात उभा राहतो तो हौसेने राहत नाही. आत जागा नसते आणि पुढच्या गाडीतही नसणार हे त्याला माहीत असते.

आणि गर्दीचा सर्वांत धोक्याचा क्षण पुष्कळदा गाडीत नसतोच. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड या स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. सकाळची वेळ होती, पाऊस पडत होता, भिजू नये म्हणून लोक पुलाच्या जिन्यावर थांबले आणि मागून येणारे लोंढे थांबले नाहीत. तो पूल गिरण्यांच्या काळातल्या वर्दळीसाठी होता. आजूबाजूला कचेऱ्यांचे मनोरे उभे राहत असताना जिन्याची रुंदी वाढवण्याचे काम मात्र झाले नाही. बांधकामाला परवानगी देणारे खाते एक, पूल बांधणारे दुसरे. अपघातानंतर लष्कराच्या मदतीने काही महिन्यांत नवा पूल उभा राहिला, म्हणजे अडचण अभियांत्रिकीची नव्हती हेही सिद्ध झाले.

आता दिल्लीकडे. मेट्रोच्या फाटकातून आत गेल्यावर मुंबईकराला पहिली जाणवते ती शांतता, आणि त्याहूनही आधी तपासणी. प्रत्येक स्टेशनावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान अंगझडती घेतात, पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते, स्त्रियांची रांग वेगळी असते. सकाळी साडेनऊला लक्ष्मी नगरच्या स्टेशनावर ही रांग कधीकधी जिन्याखाली उतरते आणि प्रवासाच्या वेळात तिची मिनिटे धरावीच लागतात. लोकलला असे काही करायचे ठरवले तर ठाणे स्टेशन दुपारपर्यंत रिकामे होणार नाही. त्यानंतर मात्र सगळे सुरळीत : फलाटावर कुठे उभे राहायचे याच्या पिवळ्या खुणा, गाडी किती मिनिटांत येणार हे दाखवणारा फलक, आणि शम्मी नारंग यांच्या भारदस्त आवाजातली घोषणा. फरशीवर बसण्याला दंड आहे, खाण्यापिण्याला मनाई आहे, आणि नवल म्हणजे लोक ते बरेचसे पाळतात. जो दिल्लीकर रस्त्यावर सिग्नल जुमानत नाही तोच मेट्रोत शिरला की शिस्तीत उभा राहतो. दिल्ली मेट्रोचे पहिले व्यवस्थापकीय संचालक ई. श्रीधरन यांच्या काळात घालून दिलेली शिस्त संस्थेच्या अंगवळणी पडली हे त्याचे अर्धे कारण असावे. उरलेले अर्धे असे की, इथे शिस्त पाळली तरी गाडी मिळते. डोंबिवलीला रांग लावून उभा राहणारा माणूस फलाटावरच राहील.

गर्दी इथेही आहे, आणि मुंबईकरांनी तिला हसू नये. निळी आणि पिवळी मार्गिका जिथे एकमेकींना छेदतात त्या राजीव चौकात संध्याकाळी सहानंतर जिन्यांवर माणसांचे पट्टे तयार होतात. एक वर, एक खाली, आणि मध्येच चुकून थांबलेल्या पाहुण्याला दोन्हीकडून खांदे लागतात. कश्मीरी गेटला तीन मार्गिका एकत्र येतात आणि तिथल्या पातळ्यांचा हिशेब लागायला नव्या माणसाला वेळ लागतो. तरीही गाडीचे दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही, ही एकच गोष्ट दोन्ही शहरांतल्या गर्दीत जमीन-अस्मानाचा फरक करते. चाकाच्या खुर्चीतला प्रवासी, पांढरी काठी घेतलेला प्रवासी, बाबागाडी ढकलणारी आई ही माणसे दिल्लीच्या मेट्रोत नेहमी दिसतात, कारण लिफ्ट, उतार आणि फरशीवरच्या स्पर्शरेषा स्टेशनाच्या आराखड्यातच आहेत. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी ती दिसत नाहीत. फलाट आणि पायदान यांमधली पोकळी कमी करण्यासाठी फलाटांची उंची वाढवण्याचे काम मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर वेगाने झाले, एवढी ती गोष्ट मूलभूत आणि एवढी ती उशिराची.

मग मी लोकलला पुढे का धरतो? कारण मेट्रोची सेवा फाटकाशी संपते आणि दिल्लीकराचा प्रवास तिथे संपत नाही. मध्य दिल्लीतल्या कित्येक स्टेशनांतून बाहेर पडले की समोर सहापदरी रस्ता, लांबच लांब कुंपणाची भिंत आणि कचेरीचे फाटक अर्ध्या-एक किलोमीटरवर. जोर बाग किंवा लोक कल्याण मार्ग या स्टेशनांच्या आसपास राहणाऱ्यांची संख्या थोडी आणि त्यांतल्या बहुतेकांच्या दारात मोटार. ज्यांना मेट्रोची खरी गरज ते संगम विहारसारख्या वसाहतीत, जिथून जवळचे स्टेशन गाठायलाच बस किंवा ई-रिक्षा धरावी लागत आली आहे. मार्गिका बदलण्याच्या काही जागाही अशाच. विमानतळ मार्गिकेवरचे धौला कुआँ आणि गुलाबी मार्गिकेवरचे दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस ही स्टेशने किलोमीटरभराच्या पादचारी पुलाने जोडलेली आहेत. सरकते पट्टे आहेत हे खरे, पण नकाशावर जो एक ठिपका दिसतो तो प्रत्यक्षात एक फेरफटका आहे. मे महिन्यातल्या लूमध्ये, म्हणजे भाजून काढणाऱ्या वाऱ्यात, किंवा नोव्हेंबरातल्या धुरकट हवेत स्टेशनापासून घरापर्यंतचे हे शेवटचे टप्पे डब्यातल्या थंडाव्याची सगळी पुण्याई संपवून टाकतात.

याच्या उलट मुंबईत स्टेशनाच्या जिन्यावरून उतरले की शहर सुरू होते. भाजीवाला, औषधाचे दुकान, वडापावची गाडी, शेअर रिक्षाची रांग, झेरॉक्स, चप्पल शिवणारा, सगळे पन्नास पावलांत. संध्याकाळी मुलुंडला उतरणारी बाई स्टेशनाबाहेर भाजी घेते, दळण उचलते आणि चालत घरी पोहोचते; या तिन्ही कामांसाठी तिला वेगळा फेरा पडत नाही. एवढ्या सोयी एवढ्या जवळ टिकतात त्या दाटीमुळेच, कारण दर मिनिटाला शेकडो गिऱ्हाईक समोरून जाते. अर्थात या दाटीची दुसरी बाजू बृहन्मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दिसते. २०११ साली शहराची ४० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या तिथे राहत होती आणि तिच्या वाट्याला जमिनीचा फारच थोडा हिस्सा आलेला होता. स्टेशनाजवळची सोय ज्यांच्या श्रमावर चालते त्यांतल्या कित्येकांची घरे रुळांपासून हाताच्या अंतरावर आहेत.

पूर्व दिल्लीत राहिल्यावर मला एक गोष्ट मात्र मान्य करावी लागली की, जिथे दिल्ली मुंबईइतकी दाट आहे तिथे मेट्रोही लोकलइतकीच उपयोगी ठरते. लक्ष्मी नगर, निर्माण विहार, करोल बाग या स्टेशनांखाली मुंबईसारखाच बाजार भरतो. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून येणारी मुले जुन्या राजिंदर नगरात किंवा मुखर्जी नगरात खोली घेतात, त्यांच्या बाबतीतही हेच. मुखर्जी नगरच्या मुलाला जी. टी. बी. नगरचे स्टेशन जवळ, राजिंदर नगरच्या मुलाला करोल बाग किंवा राजेंद्र प्लेस. खोली एवढीशी, भाडे भरमसाट, पण वाचनालय, खानावळ आणि मेट्रो चालण्याच्या अंतरात. पुण्या-नाशिकहून आलेल्या मुलांना मी नेहमी सांगतो की, खोली दोनशे चौरस फुटांनी मोठी मिळते म्हणून स्टेशनापासून दूर जाऊ नका.

प्रवाशांच्या आकड्यांवरून दोन्ही सेवांची तुलना करणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. ८ ऑगस्ट २०२५ रोजी, राखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दिल्ली मेट्रोने सुमारे ८१ लाख ८७ हजार प्रवासांचा उच्चांक नोंदवला, आणि मुंबईच्या लोकलने कोरोनाच्या आधी दिवसाला सुमारे ७५ लाख प्रवासी वाहिले असे सांगितले जाते. हे दोन आकडे शेजारी मांडून मेट्रो पुढे गेली असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. मेट्रो मार्गिकांप्रमाणे प्रवास मोजते. निळ्या मार्गिकेवरून पिवळीवर गेलेला एकच माणूस तिच्या हिशेबात दोन प्रवास करतो. लोकलमध्ये मोठा वाटा पासधारकांचा, आणि ते रोज किती वेळा चढले-उतरले हे अंदाजानेच धरले जाते, शिवाय त्यांचा एकेक प्रवास तीस-चाळीस किलोमीटरांचा असतो.

पैशांच्या बाबतीत तुलनाच होत नाही. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट पाच रुपयांचे आहे आणि महिन्याचा पास काही शेकडा रुपयांत मिळतो. मेट्रोचे भाडे ऑगस्ट २०२५ मध्ये वाढून किमान ११ आणि कमाल ६४ रुपये झाले. २१ ते ३२ किलोमीटरांच्या टप्प्याला ५४ रुपये पडतात. महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस जाऊन-येऊन धरले तर २,७०० रुपये, आणि स्मार्ट कार्डावरची दहा टक्के सूट वजा जाता २,४३० रुपये. मेट्रोत नेहमीच्या प्रवाशासाठी मासिक पास नाही, ही तिची मला सर्वांत खटकणारी उणीव आहे. घरकाम करणारी बाई, दुकानातला पोऱ्या, पहारेकरी अशा माणसांना हा खर्च जड जातो, आणि दिल्लीच्या बसमध्ये २०१९ पासून स्त्रियांना मोफत प्रवास सुरू झाल्यावर मेट्रो डोळ्यांसमोरून जात असताना बससाठी अर्धा तास थांबणाऱ्या बायका मी रोज पाहतो. लोकलच्या गर्दीत सगळ्या थरांची माणसे एकमेकांच्या अंगावर असतात. मेट्रोची गर्दी भाड्याच्या चाळणीतून गाळून आलेली असते आणि तिच्या टापटिपीचे थोडे श्रेय त्या चाळणीलाही द्यावे लागेल.

स्त्रियांच्या सोयीबद्दल दोन्ही सेवांना चांगले गुण द्यायला हवेत. मुंबईत ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर फक्त स्त्रियांसाठीची पहिली लोकल धावली आणि स्त्रियांचे स्वतंत्र डबे त्याच्याही कितीतरी आधीपासून आहेत. दिल्लीत २०१० पासून मेट्रोचा पुढचा डबा राखीव आहे. मात्र माझ्या पत्नीचे मत असे की, रात्री दहानंतर दिल्लीत डब्यात सुरक्षित वाटते आणि स्टेशनाबाहेर नाही, तर मुंबईत स्टेशनाबाहेर सुरक्षित वाटते आणि रिकाम्या डब्यात नाही. मेट्रोची शेवटची गाडी अकराच्या सुमारास निघून जाते, त्यामुळे दिल्लीत उशिरा सुटणाऱ्या माणसाला टॅक्सीचा खर्च धरूनच नोकरी पत्करावी लागते. मुंबईकर मध्यरात्रीनंतरही कसाऱ्याला जाणारी गाडी पकडू शकतो. रविवारी मात्र मेगाब्लॉकचे वेळापत्रक आधी पाहिल्याशिवाय त्याने लग्नाचे आमंत्रण स्वीकारू नये.

२५ डिसेंबर २०१७ पासून मुंबईत वातानुकूलित लोकलही धावते. दारे बंद होतात, हवा थंड असते, पण किमान भाडे ३५ रुपये आणि फेऱ्या कमी, म्हणून ती चुकली की तिच्या पासधारकाला साध्या गाडीच्या गर्दीकडे बघत बसावे लागते. त्याहून मोठा बदल मला मेट्रो ३ मध्ये दिसतो. आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटरांची आणि जवळजवळ पूर्ण भुयारी असलेली ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वच्या सर्व २७ स्टेशनांसह खुली झाली. वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ, सीप्झ या ज्या दाट भागांपर्यंत लोकल कधी पोहोचलीच नव्हती, त्यांच्या पोटातून ती जाते. इथे दिल्लीचा डबा आणि मुंबईची वस्ती एकत्र आली आहे. भाडे दहा ते सत्तर रुपये आहे. डोंबिवलीचा पासधारक दादरला लोकलमधून उतरून रोज ते वेगळे भरायला तयार होईल का, यावर तिचे भवितव्य ठरेल. दोन्ही सेवांचा एकच पास निघाला तर तो होईल, अन्यथा तो पूर्वीप्रमाणे शेअर टॅक्सीच्या रांगेत उभा राहील.

वृद्ध आईवडिलांना घेऊन फिरणाऱ्याने, अपंग प्रवाशाने किंवा सामान घेऊन विमानतळावर निघालेल्याने दिल्लीच्या मेट्रोवर डोळे मिटून विसंबावे. एवढी नेटकी शहरी सेवा देशात क्वचितच मिळेल. ज्याला महिनाभर रोज तीस किलोमीटर जायचे आहे आणि पगार वीस हजार आहे, त्याच्यासाठी मुंबईच्या लोकलला पर्याय नाही. साध्या लोकलना बंद दारे बसवण्याचे ठरले आहे त्याचे मी स्वागत करतो, पण ठाण्याच्या फलाटावर दार मिटायला दहा सेकंद जादा लागले तर गर्दीच्या तासात किती गाड्या कमी होतील, आणि त्या गाड्यांतली माणसे कुठे उभी राहतील, याचे उत्तर रेल्वेने दारे बसवण्याआधी द्यावे.